मॉरिशसचा गणपती आणि आमची जाखडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मला बोलण्याची सवय नाही. सातवी झाले आणि चूल हाती आली. काही चुकले तर पोटात घाला.

गेल्या भाद्रपदात शेजारच्या ताईंची लेक मॉरिशसला जाऊन आली. तिथल्या गणेशोत्सवाची चित्रफीत तिने मोबाईलवर दाखवली. मी कणीक मळत होते. ढोलकीचा ठेका कानी पडला आणि हात थांबला. मध्ये गाणारा, ढोलकी, झांज आणि भोवती फेर धरून नाचणारी माणसे. ही तर आमची रत्नागिरीची जाखडी! तिकडे तिला झाकरी म्हणतात.

हिंदी महासागरातल्या त्या बेटावर १८३४ सालापासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर कराराने मजूर नेले. त्यांत आपली कोकणची माणसेही होती. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर ती उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ साली जागतिक वारसा ठरला. बरोबर काय नेले असेल? एखादे बोचके आणि तोंडपाठ गाणी. हेन्रिएटा गावच्या भिवाजी कुटुंबाने १८९६ साली तिथला पहिला गणपती बसवला, म्हणजे लोकमान्यांचा सार्वजनिक उत्सव सुरू होऊन तीनच वर्षे झाली होती. (भिवाजी हे आपल्याकडे माणसाचे नाव, तिकडे ते आडनाव होऊन बसले.) आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुटी असते. मोदक होतात, मूर्ती वाजतगाजत पाण्यावर नेतात. घरात बहुतेक क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकावी लागते. पण नाच राहिला आहे.

आता माझी गोष्ट सांगते. सांगताना जीभ जड होते. कानात बाळ्या घालून मुंबईत घरकामाला आलेल्या कोकणी गड्यांना लोक ‘बाल्या’ म्हणत, आणि त्यांच्या नाचाला ‘बाल्या नाच’. त्या शब्दाची लाज माझ्या मनात बसलेली. आमच्या घाटकोपरच्या चाळीत गणपतीत माझे मोठे दीर पायात चाळ बांधून नाचत, तेव्हा मी दार लोटून घेई. मुलगा चौदा वर्षांचा असताना म्हणाला, “आई, मी काकांबरोबर नाचू?” मी म्हटले, “शाळेतली मुले हसतील. त्यापेक्षा अभ्यास कर.” त्याने पुन्हा विचारले नाही. पुढच्या वर्षी माणसे जमली नाहीत म्हणून फेर मोडला. भावोजींनी कुणालाच बोल लावला नाही. चाळ तेवढे कापडात बांधून माळ्यावर ठेवले.

ती चित्रफीत मी त्यांना दाखवली. त्यांनी दोनदा पाहिली. मग म्हणाले, “वहिनी, ह्यांचा डावा पाय जरा उशिरा पडतो.” आणि बसल्या जागी मांडीवर ठेका धरला. मुलगा दारात उभा होता. तो आता बावीस वर्षांचा आहे. काही बोलला नाही, पण आत येऊन बसला.

भावोजी शिकवायला तयार आहेत. गुडघे दुखतात, तेव्हा खुर्चीवर बसून शिकवीन म्हणतात. जाखडी हा पुरुषांचा नाच, असे आपल्यापैकी काहीजणी म्हणतील. पण आता पुष्कळ ठिकाणी बायकाही फेर धरतात. येत्या आषाढापासून दर बुधवारी दुपारी मंडळाची खोली मिळावी, अशी अध्यक्षबाईंना माझी विनंती आहे. मागच्या आठवड्यात माळ्यावरून चाळ काढले. दोर कुजला आहे, पण घुंगरे शाबूत आहेत. ती नव्याने ओवायला चार हात हवेत.