मोठें मनगट, लहान घड्याळ

वडिलांचें जुनें चौकोनी घड्याळ मुलाच्या हातीं येतें. मनगट रुंद, घड्याळ इवलेंसें. लोक हंसतील या धास्तीनें तें पुन्हां कपाटांत जातें. ही धास्ती सयुक्तिक आहे काय?

१९०४ सालीं पॅरिसच्या लुई कार्तिए यानें आपला ब्राझिली वैमानिक मित्र सांतोस-द्युमाँ याजकरितां मनगटी घड्याळ सिद्ध केलें, तें चौकोनीच होतें. पुढें १९३० व १९४० च्या दशकांत समारंभास वापरावयाचीं पुरुषांचीं घड्याळें आजच्या मानानें लहानच असत. बाहीखालीं निमूटपणें सरकावें, हाच त्यांचा धर्म. रुंद मनगटाचे पुरुषहि तींच वापरीत.

शिवाय भूमिति चौकोनास अनुकूल आहे. श्रोत्यांनीं २८ मिलिमीटर बाजूचा चौकोन व त्यांत नेमकें मावणारें वर्तुळ काढून पाहावें. चौकोनाचें क्षेत्रफळ सुमारें २७ टक्के अधिक भरतें. कर्ण तर जवळजवळ ४० मिलिमीटर होतो. आंकड्यावरून वाटतें तितकें हें घड्याळ हातावर लहान दिसत नाहीं.

खरा घोटाळा पट्ट्यानें होतो. जाड, फुगीर पट्टा घड्याळास गिळून टाकतो. जुना पट्टा रुंद मनगटास आंखूड पडून आंवळतो. पातळ, साध्या कातड्याचा, बक्कलाकडे निमुळता होत जाणारा लांब पट्टा घ्यावा. पाण्यापासून मात्र जपावें. जुनें चौकोनी घड्याळ पाणी सहसा अडवीत नाहीं.

वडिलांच्या हातावर जें शोभलें तें मुलाच्या हातावरहि शोभेल. त्यास रोज किल्ली मात्र मिळाली पाहिजे. कपाटांत ती कोण देणार?