परीक्षा आणि मन



परीक्षा जवळ आल्या म्हणजे घरोघर एकच प्रश्न ऐकूं येतो, "अभ्यास किती झाला?" "रात्रीं झोप लागते का?" असें मात्र क्वचितच कोणी विचारतें. आज मी या दुसऱ्या प्रश्नाविषयीं बोलणार आहें.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. माझ्या वर्गांतील एक हुशार विद्यार्थी हळूहळू मागच्या बांकावर जाऊन बसूं लागला, आणि पुढें तर तो वर्गांत येईनासाच झाला. मी त्याला आळशी ठरवून मोकळा झालों. मागाहून कळलें कीं, तो रात्ररात्र जागा असे, जेवणाचा डबा तसाच परत जाई, आणि घरीं मात्र "सर्व ठीक आहे" असें कळवी. अखेर त्याच्या खोलींतील सोबत्यानेंच त्याला डॉक्टरांकडे नेलें. मुलगा बरा झाला. पण बरोबरीच्या पोराला जें दिसलें तें मला, त्याच्या शिक्षकाला, दिसूं नये, ही खंत अजून जात नाहीं.

परीक्षेची थोडी धास्ती वाईट नव्हे. यर्क्स व डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९०८ सालीं उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. काम अवघड असेल तेव्हां फार सौम्य किंवा फार तीव्र धक्क्यापेक्षां मध्यम धक्क्यानेंच उंदीर लवकर शिकत, असें त्यांना आढळलें. उंदरांवरून माणसांची परीक्षा करूं नये हें खरें. तरी अति धाकानें पाठ केलेलेंही आठवत नाहीं, हा अनुभव कोणाला नाहीं?

तीच गोष्ट जागरणाची. १९२४ सालीं जेंकिन्स व डालेनबाख यांनीं कॉर्नेल विद्यापीठांत दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाठांतरानंतर ते झोपीं गेले असतां, जागे राहिल्यापेक्षां त्यांना पुष्कळच अधिक आठवलें. तेव्हां झोप मोडून केलेला अभ्यास म्हणजे गळक्या घागरीनें पाणी भरणें होय.

उपाय साधेच आहेत. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी. अभ्यासाचे लहान भाग पाडावे. रोज थोडें चालावें. छाती धडधडूं लागली तर श्वास सावकाश घेऊन त्याहूनही सावकाश सोडावा. आणि मनांतलें एका तरी माणसाजवळ बोलावें.

परंतु उदासपणा, अन्नावरील अनिच्छा, आवडत्या गोष्टींचाही कंटाळा हीं लक्षणें दोन आठवडे टिकलीं, तर उपदेश पुरे करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलगा वा मुलगी जगण्याचाच वीट आल्याचें बोलूं लागली, तर एक दिवसही वाट पाहूं नये, तिला एकटें सोडूं नये, आणि "जीव द्यावा असें मनांत येतें का?" हें मायेनें, पण स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट मनावरचें ओझें हलकें होतें. सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठींतूनही सल्ला मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेंही, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ति तीव्र ताणाखालीं होती असें गृहीत धरून, तिला शिक्षा न करतां तिची शुश्रूषा करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. कायद्याला जें उमगलें तें आपल्याला उमगूं नये काय?

आज रात्रीं जेवतांना मुलांना गुण विचारूं नका. झोप कशी लागते, एवढेंच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.