पहिल्या अर्थावर थांबू नका

प्राचार्य मॅडम, समोर बसलेले माझे गुरुजन आणि मघापासून मागे शिट्ट्या वाजवणाऱ्या मित्रांनो,

मला कोशाच्या कामाविषयी बोलायला सांगितलंय. पण या आवारात आलं की ग्रंथालयच आठवतं. तिथल्या कपाटात ऑक्सफर्ड कोशाचे जाड खंड होते. एस.वाय.ला आमच्या इंग्रजीच्या सरांनी प्रत्येकाला एकेक क्रियापद वाटून दिलं. मला आलं ‘रन’. सर म्हणाले, “धावणे सोडून बाकीचे अर्थ आण.” तो अख्खा पावसाळा मी त्या कपाटापाशी काढला.

इंग्रजीत नदी ‘रन’ करते, सर्दी झालेलं नाक करतं, धुण्यात कपड्याचा रंगही करतो. आपल्याकडे दुकान, यंत्र, खटला ‘चालतो’. त्यांच्याकडे तिथंही बहुधा हेच क्रियापद. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘धावतो’, ब्रिटनमध्ये मात्र आपल्यासारखाच ‘उभा राहतो’. ऑक्सफर्डच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे सुधारणेच्या कामात तिथले कोशकार पीटर गिलिव्हर नऊ महिन्यांहून अधिक काळ एकट्या ‘रन’वर बसले, आणि या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले! पूर्वी धावायला माणूस, घोडा, पाणी एवढंच होतं. मग इंजिनं आली, गाड्यांची वेळापत्रकं आली, संगणकावरचे प्रोग्राम आले. क्रियापद सगळ्यांना पुरलं.

कोशाच्या कामाचं बाकी सगळं राहू दे, एकच सांगतो. मोबाइलवर दिसलेला पहिला अर्थ घेऊन पुढे जाऊ नका. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहून ठेवा. हातानं लिहा. १८७९मध्ये ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी वाचकांना आवाहन केलं, तेही हेच: पुस्तकं वाचा, शब्दासकट वाक्य चिठ्ठीवर उतरवा, पाठवून द्या. अशा लाखो चिठ्ठ्यांवर तो कोश उभा राहिला. सायन्सवाल्यांनो, कॉमर्सवाल्यांनो, तुम्हीही लिहा. रोज एक वाक्य. लिहाच!

पहिल्या रांगेत आत्ताच चारशे मीटरचं पदक घेतलेली मुलगी बसली आहे. बाळ, तुझ्या क्रियापदाची नोंद आजच उघडून बघ. आणि सर, पायाला त्रास असूनही तुम्ही आलात, फार बरं वाटलं.

मॅडम, एक विनंती. ग्रंथालय पाच वाजता बंद होतं असं मुलं सांगत होती. निदान परीक्षेपर्यंत ते आठपर्यंत उघडं ठेवता येईल का? रात्रीच्या शिपायाचा खर्च आम्ही माजी विद्यार्थी देऊ.