मायेची पाव गोळी



वसंतातल्या या ज्ञानसत्रात मांजराचा विषय निघावा, याचे काहींना हसू येईल. पण एक मांजर माझ्याच हातून मरता मरता वाचले आहे, म्हणून बोलतो.

आमची मनी अंग टाकून पडली होती. हात लावला तर अंग गरम. घरात पॅरासिटामॉल होतेच. ‘एवढासा जीव, पाव गोळी पुरे,’ असा हिशेब करून मी ती दुधात कालवून पाजली. संध्याकाळपर्यंत तिला धाप लागली, तोंड सुजले, हिरड्या मातकट पडल्या.

हिशेब कुठे चुकला? ५०० मिलिग्रॅमची अख्खी गोळी ६० किलोच्या माणसाला किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम पडते. ४ किलोच्या मांजराला पाव गोळीच ३१ पडते. पण खरी चूक याहून खोल आहे. आपले यकृत हे औषध बव्हंशी निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात ही सोय फार तोकडी. मग औषधाचेच विष होते, रक्तातल्या तांबड्या पेशींना प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि श्वास चालू असताना जीव गुदमरतो. मांजर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे! कुत्राही नव्हे. आपल्या अंगदुखीवरच्या आयबुप्रोफेनने त्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आणि हाती लागली तर तो गोळ्यांची अख्खी पट्टी चावून टाकतो.

म्हणून औषधे बंद कपाटात ठेवा. गोळी पोटात गेल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट पाहू नका. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. पट्टी बरोबर घेऊन तडक पशुवैद्य गाठा. पॅरासिटामॉलवर ॲसिटिलसिस्टीनचा उतारा आहे. पण तो वेळेत मिळाला पाहिजे.

पशुवैद्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, “घरातले काही औषध दिलेत का?” लाजेने ‘नाही’ म्हणणार होतो. क्षणभर थांबलो आणि खरे सांगितले. मनी वाचली ती त्या उत्तरामुळे. श्रोतेहो, मायेपोटी चूक होते. ती दडवली तर मात्र जीव जातो.