राणीचा करार



कामगार संघटनेच्या माणसाने इंग्लंडच्या राण्यांवरील कादंबऱ्यांविषयी बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण मालकांशी वाटाघाटी करता करता माझे केस पिकले, आणि असल्या कादंबऱ्यांतही मी वाटाघाटीच शोधतो.

फिलिपा ग्रेगरी यांची ‘द व्हाइट क्वीन’ २००९ साली निघाली. नायिका एलिझाबेथ वुडव्हिल, चौथ्या एडवर्डची राणी. लेखिकेने तिला व तिची आई जॅकेटा हिला मंत्रविद्या बहाल केली आहे. मायलेकी धुके उठवतात, वादळ बोलावतात. वाचायला मौज वाटते, नाही असे नाही. परंतु ही चेटूकविद्या आली कोठून? १४६९ साली जॅकेटावर तसा आळ आला. पुढच्या वर्षी राजाच्या कौन्सिलाने तिला निर्दोष ठरवले. १४७२ साली ती वारली. तरी १४८४ च्या जानेवारीत पार्लमेंटने तोच आळ मायलेकींवर घेतला. कारण उघड आहे. एलिझाबेथचे लग्न रद्दबातल ठरवल्यावाचून तिसऱ्या रिचर्डचा सिंहासनावर हक्क पोचत नव्हता. म्हणजे विरोधकांनी केलेला आरोप पाचशे वर्षांनी नायिकेचा दागिना झाला!

खरी एलिझाबेथ पाहा. १४८३ च्या एप्रिलात नवरा गेला. बारा वर्षांचा राजपुत्र टॉवरमध्ये गेला. ती वेस्टमिन्स्टरच्या मठात आश्रयाला राहिली. जूनमध्ये धाकट्या मुलालाही तेथून सोडावे लागले. दोघे पुन्हा कोणाला दिसले नाहीत. भाऊ आणि पहिल्या लग्नाचा मुलगा यांचा शिरच्छेद झाला. सैन्य नाही, पैसा नाही. अशा कोंडीतून तिने मार्गारेट बोफर्टशी संधान बांधले: थोरली लेक मार्गारेटच्या मुलाला, हेन्री ट्यूडरला द्यायची. निरोप नेई-आणी मार्गारेटचा वैद्य. वैद्याला कोण अडवणार?

हेन्रीचा पहिला बेत फसला. मग १ मार्च १४८४ रोजी रिचर्डला सरदार, धर्मगुरू, लंडनचा मेयर यांच्यासमक्ष शपथ घ्यावी लागली. मुलींच्या जिवाला धोका नाही. त्यांना टॉवरमध्ये वा अन्य तुरुंगात टाकणार नाही. लग्नात प्रत्येकीला वर्षाला २०० मार्क उत्पन्नाची जमीन. आईला वर्षाला ७०० मार्क. टॉवरचे नाव स्पष्ट घातले आहे, हे ध्यानात घ्या. ज्या बाईचे दोन मुलगे तेथे गेले, तिला मोघम आश्वासन कसे पुरणार?

मुलांच्या वैऱ्याच्या हाती मुली दिल्या, म्हणून तिला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. घरात दाणा नसताना संप किती ताणावा, हा निर्णय त्यांना कधी घ्यावा लागला नसावा. रिचर्ड १४८५ साली लढाईत पडला, आणि १८ जानेवारी १४८६ रोजी हेन्रीशी त्या थोरल्या मुलीचे लग्न लागले.