दवाखान्यातली गर्दी आणि कोर्टातला हिशोब



रुग्ण दगावला की दवाखान्यात दहा-पंधरा पोरं जमतात. एक जण काच फोडतो, दुसरा डॉक्टरवर हात टाकतो. बाकीचे नंतर म्हणतात, ‘आम्ही नुसते उभे होतो.’ हे उत्तर कोर्टात किती टिकतं, ते बघू.

जुन्या दंडसंहितेतलं कलम 149 आता, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, न्याय संहितेत 190 आहे. पाच किंवा जास्त माणसं बेकायदा हेतूने जमली आणि त्या हेतूपायी एकाने गुन्हा केला, तर शिक्षेला सगळेच पात्र. उत्तर प्रदेशातल्या मसालती खटल्यात 1964 साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की प्रत्येकाने स्वतः काय केलं हे सिद्ध व्हायलाच हवं असं नाही. जमावाचा हेतू त्याचाही होता, एवढं पुरे. नुसता बघायला थांबलेला माणूस यात येत नाही. पण तुम्ही बघे की साथीदार, हे ठरेपर्यंत ऐन उमेदीची वर्षं तारखांना जातात. त्याच निकालात काही तरुणांची फाशी जन्मठेपेवर आली, कारण ते थोरांच्या दबावाखाली गेले असावेत असं कोर्टाला वाटलं. सवलत एवढीच. तुरुंग चुकला नाही.

आता डॉक्टरची बाजू. लुधियानात एका रुग्णाला श्वास घेता येईना, आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला, रुग्ण गेला. मुलाने फौजदारी तक्रार केली. जेकब मॅथ्यू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात 2005 साली सुप्रीम कोर्टाने तो खटला रद्द केला: डॉक्टरला गुन्हेगार ठरवायला साधी हयगय पुरत नाही, फार गंभीर हयगय लागते. त्या मुलाच्या जागी बसून वाचलं तर निकाल कडूच लागतो. पण भरपाईचा रस्ता कोर्टाने बंद केला नाही.

तो रस्ता 1995 च्या निकालाने उघडलेला आहे. पैसे घेऊन उपचार करणारा दवाखाना ग्राहक कायद्यात येतो. सगळ्यांना फुकट उपचार देणारा येत नाही. मुदत दोन वर्षांची. उपचाराचे कागद लेखी मागा, पोच घ्या. मागितल्यापासून 72 तासांत ते द्यायचे असतात. उलट डॉक्टरवर हात टाकलात, तर महाराष्ट्रात 2010 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद, गुन्हा अजामीनपात्र.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अर्जदार आई किंवा बहीण असेल, तर तिथे उत्पन्नाची अट नाही.