अंगणातील शाळा



जिची मुले शाळेत जात नाहीत अशा माजी विद्यार्थिनीस शाळेने हीरक महोत्सवात बोलण्यास बोलवावे, हे या संस्थेचे औदार्य होय. बंगळूरनजीक होसकोटे येथे आमच्या आठ व पाच वर्षांच्या मुलांचे शिक्षण घरीच चालते. घराजवळ मराठी शाळा नाही. आणि पहिली अक्षरे मायबोलीत गिरवावीत, हा संस्कार याच वास्तूने मला दिला.

सकाळी दोन तास वाचन व गणित. पुढे होसकोट्याच्या तलावाकाठी पक्ष्यांची नोंद, बाजारात कन्नडमधून भावाची विचारपूस आणि घरी मराठीत हिशेब.

उणिवाही आहेत. सवंगड्यांचा गलका घरात निर्माण होत नाही. शिवाय शिक्षिका रागावली, तर मुलाने आईकडे धाव घ्यावी. येथे दोघी एकच! म्हणून ठरल्या वेळी वही मिटायची आणि सायंकाळ शेजारच्या मुलांसोबत खेळायची, हा नियम. पुढील परीक्षांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग खुला आहे.

1945 साली बोर्डी येथे कार्य आरंभणाऱ्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आपल्या शाळेकडेही तेच मागणे आहे. परप्रांतातील माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना ग्रंथालयातील बालपुस्तके टपालाने मिळावीत. टपालखर्च आम्ही सोसू, पुस्तके जपून परत पाठवू.

शाळेस शताब्दीच्या वाटचालीसाठी शुभेच्छा.